नवरदेवाचा डावा हात

रविवार, १२ जानेवारी

राखीपौर्णिमा कुठल्या कुठे, पण मला शुभेच्छा आजच आल्या.

लग्न चालू असताना मांडवातच उभं राहून नवरा-नवरीचं चित्र काढायचं, हा माझा नवा धंदा. चऱ्होलीच्या लग्नातलं पहिलंवहिलं चित्र काल त्या लोकांच्या घरी पोचलं. आज सकाळी नवऱ्यामुलाच्या आत्याने त्यांच्या फॅमिली ग्रुपवरचे मेसेज मला जसेच्या तसे पाठवले. 'चित्र छान आहे, पण दोघं भाऊ-बहीण वाटतात.' त्याखाली कुणा मामाने राखीचा फोटो टाकलाय आणि त्याखाली हसून लोळणाऱ्या पिवळ्या चेहऱ्यांची ही मोठी रांग.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी फोन तांदळाच्या डब्यात कोंबला. मग परत काढला, पुसला, आणि चित्राचा फोटो मोठा करून बघितला. वाटतात हो. खरंच भाऊ-बहीण वाटतात. नाकं-डोळे तंतोतंत, पैठणीचा काठ तर हात लावून बघावा असा, आणि दोघं उभे आहेत रेशनच्या रांगेत उभे राहिल्यासारखे. त्यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही.

हे इथे लिहितेय, कारण आईला सांगितलं तर ती त्या आत्याला फोन लावेल.

मी शिकवत होते त्या शाळेने चित्रकलेचे तास बंद करून कोडिंग सुरू केलं, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात बाहेर पडले होते. भोसरीचे दौलतराव तेव्हापासून त्यांच्या फ्लेक्सच्या दुकानात बोलावतायत. तिथे काम काय, तर वाढदिवसाच्या बॅनरवर साहेबांचं डोकं सगळ्यात मोठं आणि कार्यकर्त्यांची डोकी मानाप्रमाणे लहान-लहान करत लावायची. फेब्रुवारीतलं एक लग्न हातात आहे. ते चित्रही असंच निर्जीव झालं तर दुसऱ्या दिवशी दौलतरावांकडे जायचं आणि ब्रश माळ्यावर टाकायचे. ठरलं. उगाच कलाकार म्हणून मिरवायला मला आवडत नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

फेब्रुवारीवाली जोडी, वर्षाली आणि विक्की, आज तिळगूळ घेऊन आली. सोळा तारखेला मोशीच्या लॉन्सवर लग्न आहे. ती चाकणच्या एका कंपनीत वेल्डिंग झालेले सुटे भाग तपासते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते. बोलणंही तसंच, घाव की दोन तुकडे. तो माणच्या आयटी पार्कात, गोरा, मऊ, तिची पर्स आणि हेल्मेट सांभाळत मागे उभा राहणारा.

"मॅडम, मला फोटोसारखं नकोय," ती म्हणाली. "फोटो ढिगाने निघणारेत. आमच्यात जे आहे ते त्यात यायला पाहिजे."

"म्हणजे काय?" विक्कीने विचारलं.

"तू गप बस. मॅडमना कळलं."

मला कळलं होतंच, कारण मी बघत होते. तो पाणी प्यायला तेव्हा ती बोलता बोलता त्याच्या गळ्याकडे बघत राहिली. घोटागणिक गळ्याचं ते हाड वर गेलं, खाली आलं, आणि तिचे डोळे त्याच्याबरोबर वर-खाली. आणि त्याचं काय, तर तिने केस वर बांधायला हात उचलले की त्याचं वाक्य अर्धंच राहायचं. एकदा तो बुफेबद्दल सांगत होता, एकदा घोड्याबद्दल. दोन्ही वेळा तिचे हात खाली येईपर्यंत तो नुसता उघड्या तोंडाने उभा. आणि दोघांनाही पत्ता नाही की हे तिसऱ्या माणसाला दिसतंय! काय सुंदर असतं हे. माणूस किती हुशार असो, शरीर त्याची चुगली करतं आणि त्याला कळतसुद्धा नाही.

चेहऱ्यांची रेखाटनं करून घेतली. चेहरे आले, तेवढं सोडून बाकी काही आलं नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

सकाळी चिंचवड स्टेशनला कंपन्यांच्या बस थांबतात तिथे जाऊन बसले. म्हटलं, घरात बसून ओढ सापडणार नाही, ती असते तिथे जाऊन बघावी.

आणि केवढी असते! चहाच्या गाडीपाशी एक उंच मुलगी, केस अजून ओले, कंपनीचा निळा शर्ट कुर्त्यावर चढवलेला. जरा लांब एक मुलगा फोनमध्ये डोकं घालून उभा. बोलणं नाही, बघणं नाही. पण ती चहा घेऊन दोन पावलं सरकली की हा खांद्यापासून पायापर्यंत तेवढाच वळायचा, सूर्यफूल वळतं तसा. मान तेवढी फोनमध्ये. मी हसू दाबत कागद भरले.

मग चाळिशीतलं एक जोडपं बाईकवर आलं. ती उतरली, आयकार्डाची दोरी तिच्या कॉलरमध्ये अडकली होती, त्याने ती मोकळी केली. काम झालं, पण हात मानेपाशी एक क्षण जास्त राहिला, आणि तिने मान तेवढीच तिरकी केली. लग्नाला पंधरा-वीस वर्षं सहज झाली असतील. मला वाटलं, जाऊन दोघांना नमस्कार करावा.

पुरुषांबद्दल लोक लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते. नुकतीच कटिंग केलेली मान सुंदर असते. बाही दुमडताना हात सुंदर दिसतो. बसमागे धावून दांडी पकडणारा माणूस, अगदी पोट सुटलेला असला तरी, त्या क्षणापुरता सुंदर असतो. मला हे सगळं स्वच्छ दिसतं, कारण मी त्यात नाही. भीमराजशी काडीमोड झाला तेव्हाच मी त्या बाबतीतलं शटर खाली ओढून घेतलं. त्याला दहा वर्षं झाली. आता गंजलंही असेल. कलाकाराला ते बरंच असतं.

रविवार, १९ जानेवारी

दिव्याची चाचणी घेतली. आबाजी मांडववाल्यांनी समाधानला पाठवलं. चऱ्होलीच्या लग्नात माझ्या कॅनव्हासवर दिवा धरायला हाच होता. महाळुंग्याच्या एका कंपनीत वेल्डर आहे, सुट्टीला आबाजींचा टेम्पो चालवतो आणि दिवे लावतो. वसमतकडचा. पस्तिशीचा असेल. दारात चप्पल काढून आईला "जय भीम, मावशी" म्हणाला, आणि आमच्या मातोश्री चिमाबाई तिथल्या तिथे विरघळल्या.

"मॅडम, सावली कोणत्या अंगाला पाहिजे?" त्याने विचारलं. आबाजींची बाकीची माणसं दिवा लावतात आणि पान खायला जातात.

दिवा धरताना त्याने बाह्या दुमडल्या, त्यामुळे हात नीट बघता आला. पुरुषाचा हात मला नेहमी रडवतो, म्हणून अभ्यासासाठी लिहून ठेवते. मनगट रुंद, पण बोजड नाही. मागच्या शिरा बोटांच्या मुळाशी येऊन नाहीशा होतात. बोटं टोकाला जरा चपटी. डाव्या मनगटाच्या वरच्या बाजूला एकमेकांना लागून तीन बारीक गोल डाग, आणि अंगठ्याच्या मुळाशी चौथा, लांबट. ग्लोव्ह आणि बाही यांच्यामध्ये उघडी जागा राहते, तिथून ठिणगी आत शिरते म्हणे.

"दुखत असेल," मी म्हटलं.

"तेवढ्यापुरतं. मग ध्यानात बी ऱ्हात न्हाई."

डाग भाजल्याचे आहेत, पण रंग काय सुरेख आहे! अंजीर फोडल्यावर कडेला असतो तसा. हा रंग कसा कालवायचा याचा दुपारभर प्रयत्न केला. हात इतका स्थिर की मी कागदावर कागद संपवले तरी दिवा हलला नाही. अभ्यास फार चांगला झाला.

बुधवार, २२ जानेवारी

आई म्हणाली, "त्या पोराला एकदा जेवायला बोलाव की. खोलीवर एकटाच असतो."

मी म्हटलं, तो कामाला येतो, पाहुणा नाही.

"मी कुठं काय म्हटलं?"

तिचं हे 'मी कुठं काय म्हटलं' माझ्या डोक्यात जातं. आज पाठीचा अभ्यास करायचा होता, पण पाठ रविवारी येणार.

रविवार, २६ जानेवारी

सापडलं! सापडलं एकदाचं!

समाधान आज सुट्टी म्हणून सकाळीच आला. विक्कीच्या जागी त्याला उभं केलं आणि वर्षालीच्या जागी आईला. आईने डोक्यावर पदर घेऊन असा काही लाजण्याचा आव आणला की समाधान हसून हसून भिंतीला टेकला. काही दिसेना. शेवटी आईच म्हणाली, "माझे गुडघे दुखतात बाई, तूच उभी राहा." म्हटलं ठीक आहे. कपाटाच्या आरशासमोर आम्ही शेजारी शेजारी उभे राहिलो. तो उजवीकडे, मी त्याच्या डाव्या अंगाला.

"हात कुठं ठेवू मॅडम?"

"माझ्या कोपरामागे. लावू नका. लावणारच आहात, असं वाटलं पाहिजे."

त्याने हात आणला आणि थांबवला. चार बोटांचं अंतर असेल. आणि बाई गं, काय सांगू, हात लागला नव्हता तरी माझ्या कोपराला तो कळत होता. चुलीपासून लांब बसलं तरी त्या अंगाला ऊब लागते, तसा. दंडावर काटा आला. मान आपोआप त्या बाजूला झुकली, मी झुकवली नाही. आरशात बघितलं तर समोर चित्र तयार उभं! भाऊ-बहीण कुठल्या कुठे!

तेव्हाच मला कळलं, की मी आजवर मूर्खासारखी हातात हात काढत बसले. हात लागला की गोष्ट संपली. सगळी मजा त्या चार बोटांच्या फटीत आहे. वर्षाली म्हणते ते तिथे आहे. हे तंत्र मला कुणी शिकवलं नव्हतं, ना कॉलेजात ना पुस्तकात. स्वतःच्या हिमतीवर शोधून काढलं.

किती वेळ उभे होतो कोण जाणे. समाधान म्हणाला, "मॅडम, अजून धरू?" मी म्हटलं, धरा, अजून नीट बघून झालं नाही. वेल्डरच तो, हात जराही हलला नाही. श्वास मात्र धाप लागल्यासारखा घेत होता. जिना चढून आल्यामुळे असेल. पण त्याला येऊन तासभर झाला होता, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. तब्येत बघायला सांगितली पाहिजे.

आईने चहा आणला तो गार होता. म्हणाली, "मघाशीच आणला होता. परत घेऊन गेले."

रविवार, २ फेब्रुवारी

समाधान गावी गेलाय. मुलगी बघायला.

आबाजींनी फोनवर सांगितलं, त्याने नाही सांगितलं. चांगलं आहे. वय झालंय, व्हायला पाहिजे. माझी एवढीच तक्रार, की लग्न तोंडावर असताना दिवा लावणाऱ्या माणसाने असं निघून जायचं नसतं.

आज काहीच जमलं नाही. विक्कीचा गाल दोनदा खरवडून काढला. हिरव्या ब्रशची दांडी मोडली. मेथीवाल्याशी भांडले, जुडीत काड्याच जास्त होत्या म्हणून. आई म्हणाली, काड्या नेहमी तेवढ्याच असतात. ऊन वाढलंय, पित्त झालं असणार. जेवले नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

पहिली पाळी करून समाधान थेट इकडे आला. आईसाठी घरची हळद आणली होती, पिशवीभर. शर्टाला इस्त्री होती. मी दिव्याची वायर तपासत होते, तेवढ्यात आईने तोंडावरच विचारलं, "काय रे, जमलं का?"

"पोरगी चांगली होती मावशी. मीच नको म्हणलो."

"का रे बाबा?"

"मन लागंना." त्याने खाली बघत दिव्याचा स्क्रू आवळला. तो आधीच आवळलेला होता.

कारण काही सांगितलं नाही. हल्ली मुलांच्या अपेक्षाच फार असतात. असो, मला काय त्याचं.

त्याने दिवा लावला आणि मी विक्कीच्या चेहऱ्याला हात घातला, तर गाल पहिल्याच झटक्यात उतरला. जबडा, मान, कानामागची सावली, सगळं भराभर आलं. उजेड बरोबर पडला की असं होतं. दोन वाट्या जास्त आमटी प्यायले. पित्त गेलं वाटतं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पिंपरी कॅम्पात लाल फुगे आणि प्लॅस्टिकचे गुलाब. दिसेल त्या जोडीकडे मी आजीबाईसारखी कौतुकाने बघत चालले होते. एका मुलीने तर विचारलं, "आंटी, काही पाहिजे का?"

दोघांचे चेहरे झालेत. मागचा मांडवही अंदाजाने भरून ठेवलाय. कपडे, दागिने आणि विक्कीचा तो डावा हात लग्नात समोर बघून काढायचा, म्हणून त्या जागी कॅनव्हास पांढरा ठेवलाय. त्या पांढऱ्या जागेवर मी जुनी ओढणी टाकून ठेवलीय. हात चुकला तर पुन्हा राखीपौर्णिमा. दौलतरावांचा फोन होता, सोमवारी येताय ना म्हणून. मी म्हटलं, सोमवारी सकाळी सांगते.

सोमवार, १७ फेब्रुवारी

कालचं सगळं क्रमाने लिहिते. नाहीतर मी मलाच काहीतरी वेगळं सांगून मोकळी होईन.

मुहूर्त दुपारचा होता, पण पडद्यांच्या मांडवात अंधारच. स्टेजच्या कडेला कॅनव्हास लावला, मागे स्टुलावर दिवा घेऊन समाधान. हार घालून झाले, दोघं शेजारी उभे राहिले, आणि विक्कीचा हात आपसूक वर्षालीच्या कोपरामागे गेला. लागला नाही, तिथेच थांबला. हेच, अगदी हेच! मी रंग घेतला आणि तेवढ्यात फोटोवाले, ड्रोनवाला आणि विक्कीचे अर्धा डझन मित्र मध्ये. दिसायचं बंद झालं. पण मला बघायची गरजच वाटली नाही. मान वर न करता हात काढला. एवढा सरळ हात माझ्याकडून जन्मात निघाला नव्हता. रंग कालवताना विचारसुद्धा करावा लागला नाही. कुठे किती तपकिरी, कुठे किती लाल, बोटांना सगळं ठाऊक होतं.

मागे दिवा हलला. पहिल्यांदाच.

"मॅडम..." समाधान म्हणाला.

"काय?"

"काय न्हाई. हात अवघडला."

जेवणं उरकल्यावर चित्र स्टेजवर ठेवलं. माणसं गोळा झाली. विक्कीची आजी सुभद्राबाई, मोशीच्या जुन्या घरातली, पुढे झाली आणि नाक टेकेल इतक्या जवळून बघायला लागली. एका टोकाला दौलतरावांचे बॅनर आणि दुसऱ्या टोकाला ही म्हातारी.

"व्हय," ती शेवटी म्हणाली. "ही नवरा-बायको हायत."

माझा जीव भांड्यात पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर्षालीचे डोळे भरून आले, ती चित्रातल्या स्वतःच्या झुकलेल्या मानेकडे बघत होती. मला वाटलं, जिंकले.

"पन ह्ये काय गं पोरी?" आजीचं बोट कॅनव्हासवर. "आमच्या इक्कीच्या हाताला चटकं कवा बसलं? त्यो तर च्या बी फुंकून पितो."

सगळे हसले. विक्कीने शेरवानीची बाही मागे सारून आपला डावा हात चित्राशेजारी धरला. गोरा, गुळगुळीत, नाजूक मनगटाचा हात. आणि चित्रात रुंद मनगट, चपटी बोटं, तीन गोल डाग आणि अंगठ्याच्या मुळाशी चौथा, लांबट.

वर्षाली वाकली. तिचा तो कामावरचा चेहरा आला. "वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग आहेत हे. रोज बघते मी लाईनवर. हा वेल्डरचा हात आहे."

मग कुणी न सांगता सगळे दिव्याकडे वळले. स्टुलावर समाधान. उजव्या हातात दिवा, डावा हात त्याने पाठीमागे नेलेला. दिवा सोडता येत नव्हता आणि कुठे बघावं ते कळत नव्हतं.

मला वाटलं, आता स्टेजची फळी निघावी आणि मी खाली जावं. एकोणचाळीस वर्षांची बाई मी, कानाच्या पाळीपर्यंत रक्त चढलं. आरशासमोरचा तो दिवस, ते अंजीर, ती मेथीची जुडी, सगळं एकदम अंगावर आलं. अभ्यास म्हणे! पाठ रविवारी येणार म्हणे! मी सगळ्या पिंपरी-चिंचवडच्या बाया-बाप्यांची ओढ ओळखत फिरत होते आणि माझ्या स्वतःच्या ब्रशने भर मांडवात माझी चुगली केली.

विक्कीचे वडील म्हणाले, "अहो मॅडम, लग्न आमच्या पोराचं आणि हात दुसऱ्याचा? हे कसं चालेल?" त्यांचं काय चुकलं? मी म्हटलं, "माझी चूक आहे. चित्र मी परत नेते."

"कुठेही न्यायचं नाही," वर्षाली म्हणाली. मग माझ्याजवळ येऊन अगदी हळू, "मॅडम, तुम्हाला माहीत नव्हतं ना?"

"नव्हतं," मी म्हटलं.

"मग डाग झाका. विक्कीचं मनगट करा. पण हात जिथे थांबलाय तिथून हलवू नका. मला पाहिजे होतं ते तिथेच आहे."

झाकायचं तर उजेड पाहिजे. समाधानला दिवा घेऊन जवळ यावं लागलं, अगदी माझ्या खांद्यापाशी. एवढ्या लोकांसमोर, त्याच्या उजेडात, मी त्याचं मनगट अरुंद केलं. बोटं निमुळती केली. पहिला डाग झाकला. दुसरा. तिसरा. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो. चौथ्याशी ब्रश नेला आणि हात थांबला. नाही म्हणजे नाहीच चालेना.

सुभद्राबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. "ऱ्हाऊ दे त्यो एक," ती म्हणाली. "संसार म्हनल्यावर एखादा चटका बसायचाच. काय रं इक्की?"

विक्की म्हणाला, "राहू द्या." त्याच्या वडिलांनी म्हातारीकडे बघितलं आणि वाद सोडून दिला.

परतीच्या वाटेवर समाधान टेम्पो चालवत होता, मी शेजारी दिव्याची वायर गुंडाळत होते. स्पाईन रोडच्या सिग्नलला तो समोर बघत म्हणाला, "मॅडम, एवढा चांगला हाय का माझा हात?"

"नाही," मी म्हटलं. "मी चांगला काढलाय."

तो हसला. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले.

"मला वळखू आलता," तो म्हणाला. "तुम्ही काढायलात तवाच."

"मग तेव्हाच सांगायचं ना! एवढी शोभा झाली नसती."

"सांगितलं असतं तर तुम्ही पुसला असता."

मी काच खाली केली आणि तोंडावर वारा घेतला.

आज सकाळी दौलतरावांना फोन करून नाही म्हणून सांगितलं.

रविवार, २३ फेब्रुवारी

वर्षालीच्या मैत्रिणीचा फोन आला, मेमध्ये तिचं लग्न आहे. म्हणाली, "आम्हाला तसंच पाहिजे, लागायच्या आधीचं." कुणाच्या ग्रुपवर राखी आली नाही.

सकाळी महिन्याभरातले कागद चाळले. हात, मनगट, मान, पाठ, दुमडलेली बाही. एवढ्या ढिगात त्याचा चेहरा एकदाही नाही. का नाही, ते आता कळतं. चेहरा काढायचा तर समोरच्याने माझ्याकडे बघायला पाहिजे. बघत होते ते मीच, मला कुणी बघितलेलं चालत नव्हतं.

समाधान आला. दिवा आणला नव्हता. आईने न विचारता तीन कप काढले. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "मी कुठं काय म्हटलं?" आणि आत गेली ती गेलीच.

मी त्याला खिडकीपाशी बसवलं. "आज चेहरा काढायचाय."

"कुणाच्या लग्नासाठी?"

"कुणाच्या नाही. इकडे बघा."

त्याने बघितलं. मी पेन्सिल टेकवली आणि पहिल्यांदाच मला कळेना, रेघ कुठून सुरू करायची. भुवई बरी होती. नाक जरासं वाकडं आहे, ते इतके दिवस दिसलंच नव्हतं. सुंदर आहे म्हणावं असं त्या चेहऱ्यात काही नाही, आणि मला डोळे हलवता येत नव्हते. भीती वाटत होती, ते लिहिते. भीमराजच्या वेळीही सुरुवातीला चांगलंच वाटलं होतं. शटर वर ओढलं की आत काय पडलंय ते दुसऱ्यालाही दिसतं. तरीसुद्धा मी बसून राहिले.

तो त्याच्या आईचं सांगत होता, वसमतला हळद शिजवतात तेव्हा म्हणे गल्लीभर वास सुटतो आणि तिचे हात होळीपर्यंत पिवळे राहतात. खिडकीतून ऊन आत आलं होतं, मानेला घाम फुटला, म्हणून मी पेन्सिल ठेवली आणि केस वर बांधायला हात उचलले.

त्याचं वाक्य अर्धंच राहिलं.

मग मी केस जरा सावकाशच बांधले.